वीस तोंडांचा फरारी

धैर्यशील स्वतःची ओळख करून द्यायला लागला की समोरच्यानं आधी बूड टेकायला जागा बघावी, कारण ती ओळख लवकर संपत नसे.

"सातारा आणि सांगली, या दोन जिल्ह्यांत माझ्या नजरेतून निसटलेली एक वस्तू दाखवा," तो म्हणायचा. "चप्पल बघून मी सांगतो, माणूस घरनं जेवून निघाला की भांडून. नुसत्या वासावर सांगतो, तो कुठल्या रस्त्यानं आला. हे शिकून येत नाही. हे उपजतच असावं लागतं." एवढं झालं की तो खिशातून जाडजूड भिंग काढायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडून ते सदऱ्याला पुसायचा आणि समोरच्याचं नाक त्यातून निरखायचा.

मल्हार हा त्याचा मदतनीस. तो कडेगाव ते विटा माणसं भरून वडाप जीप चालवायचा. गुप्तहेराला मदतनीस लागतो, असं धैर्यशीलचं मत होतं. गुप्तहेराला गाडी लागते, हे मल्हारनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तरी तो टिकून राहिला, कारण धैर्यशील मनानं सरळ होता आणि त्याच्याबरोबर फिरलं की करमणुकीला दुसरं काही लागत नसे. मागच्या खेपेला हरवलेल्या कोंबडीच्या शोधात त्यानं तीन घरांवर आळ घेतला होता. कोंबडी आठवड्यानं आपली आपणच पिल्लं घेऊन परत आली. धैर्यशील म्हणाला, माझ्या दहशतीनं आली.

खंडेनवमीच्या सकाळी मल्हार जीपला झेंडूची माळ घालत होता, तेवढ्यात हे शोधतज्ज्ञ धापा टाकत आले.

"गाडी काढ! काकांच्या घरी चोरी झालीय!"

"गाडी आज निघत न्हाई गड्या. किल्ली घटापुढं हाय. हत्यारं बसल्यावर उद्या दसऱ्यालाच उठायची, तुला काय नवीन हाय का?"

"बरोबर," धैर्यशील जरा वरमला. "माझं भिंगही तिकडंच आहे. सकाळीच काकूच्या पूजेत ठेवून आलो. सगळ्या हत्यारांना हळदकुंकू मीच लावलं." मग त्याचा आवाज पुन्हा चढला. "आणि तेव्हाही माझी नजर चालूच होती, मल्हार! काकूनं यंदा एक सुपारी केवढी मोठी मांडलीय! इतकी जाड सुपारी कडेगावच्या बाजारात मिळत नाही. नक्की बाहेरनं मागवलीय."

"लय मोठा शोध लावलास," मल्हार म्हणाला. दोघं चालतच निघाले.

काकांचं घर चार पावलांवर होतं. काका म्हणजे निवृत्त सुभेदार उदयसिंह, धैर्यशीलचे सख्खे चुलते. भावकीत थोरलं घर त्यांचं, म्हणून सगळ्यांचा घट तिथंच बसायचा आणि सगळ्यांची हत्यारं पूजेला तिथंच यायची. त्यांचा मुलगा पलटणीत लांब सरहद्दीवर होता. सून संयोगिता पुण्याची नोकरी इथंच घरात बसून कॉम्प्युटरवर करायची, आणि दर रविवारी सोप्यात एक खेळ मांडायची.

या खेळाचं कडेगावात कुणाला नीट नाव सापडलं नव्हतं. लोक म्हणायचे, "सुभेदाराच्यात गोष्टीचा डाव असतो." संयोगिता गोष्ट सांगायची आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. तुमच्या पुढ्यात खिंड आहे, खिंडीत राक्षस आहे, बोला, काय करता? ज्याला जे सुचेल ते त्यानं करायचं. मारामारीत तलवार लागली की हुकली, एवढं ठरवायला वीस बाजूंचा एक निळा फासा होता. एक पडला तर फजिती, वीस पडला तर गुलाल. तोच फासा आज नाहीसा झाला होता.

संयोगिता सोप्यात जाजमावर बसली होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"काल संध्याकाळी इथं फळीवर ठेवला होता," ती म्हणाली. "आज सुट्टी म्हणून सगळ्यांना मुद्दाम बोलावलंय. शेवटचा प्रयत्न म्हणून. आजही डाव मोडला तर मी हे सगळं ट्रंकेत टाकणार आणि दिवाळीनंतर पुण्याला खोली घेऊन राहणार. अर्धी बॅग भरून झालीय, मल्हारभाऊ."

मल्हारला हे ऐकून बरं वाटलं नाही. मागचा डाव कसा मोडला ते त्यानं दारात उभं राहून बघितलं होतं. खिंडीतला राक्षस वाट अडवून बसला होता. मेंढपाळ बिराप्पानं त्याच्याशी तासभर घासाघीस करून दोन मेंढ्यांवर सौदा पटवला. शाळेतल्या राजनंदिनी मॅडम डावात राजकन्या; त्यांनी त्या राक्षसात आपला हरवलेला भाऊ ओळखला आणि त्या खरोखरच्या रडल्या. आणि सौदा होऊन, रडणं होऊन, राक्षस वाट सोडून उठतोय तोच सुभेदारांनी पाठीमागून तलवार घातली. फासा वीस पडला. डावात बक्षिसाचे तारे फक्त मारल्यावर मिळायचे, त्या दिवशीचे तिन्ही सुभेदारांना गेले. बिराप्पा "शबूद दिल्यावर मारत्यात व्हय?" म्हणून उठला, मॅडमही मागोमाग उठल्या. सुभेदार म्हणाले, "मी नियमानं खेळलो."

"आणि मामंजींचं खरंच होतं," संयोगिता म्हणाली. "चूक त्यांची नव्हती, नियमांची होती. ज्या गोष्टीला आपण तारा ठेवतो, माणूस तेच करत सुटतो. मी नुसता मारायलाच तारा ठेवला, मग बोलणाऱ्यानं आणि रडणाऱ्यानं इथं यायचं कशाला? म्हणून नवे नियम केले. तंटा मिटवला तरी तारा. आपल्या माणसाच्या पोटातली खरी गोष्ट सांगितली तरी तारा. लढाई आहेच, पण आखून केली तर."

"बोलण्याला तारा!" आतून सुभेदारांचा आवाज आला. "उद्या जांभई दिली तरी तारा द्या!"

संयोगितेची नजर एकदा स्वयंपाकघराकडं गेली. मल्हारनं ती टिपली. आत तिची सासू अंजनाकाकू पुरण वाटत होती. फासा पहिल्यांदा घरात आला तेव्हा काकू म्हणाली होती, "फाशानं कुणाचं भलं झालंय, बाई?" तेव्हापासून संयोगितेनं सासूपुढं त्या खेळाचा शब्द काढला नव्हता. सासूनं फासा चुलीत तर घातला नसेल, असं तिच्या मनात आलंय ते मल्हारला न सांगता कळलं, आणि तोही चुलीकडं बघायला लागला.

"मल्हार, गुन्हा खेळाच्या आत दडलाय!" धैर्यशीलनं हात मागं बांधून येरझाऱ्या सुरू केल्या. "जो जसा खेळतो, तो तसा गुन्हा करतो. प्रश्न एकच. फासा नसला तर फायदा कुणाचा?"

काकू पदराला हात पुसत दारात आली. "आवं, कशाला हुडकताय एवढं? त्यो..."

"काकू, तुम्ही खेळत नाही. तपासात न खेळणाऱ्यानं बोलायचं नसतं."

"बोलत न्हाई बाबा. पोळी खातोस?"

"ती मात्र खातो."

पोळी संपेपर्यंत पहिला आरोपी ठरला. बिराप्पा. तो जतकडचा, मेंढरं घेऊन आलेला. सुभेदारांच्या रानात त्याची मेंढरं खतासाठी बसली होती. "जो माणूस राक्षसाशीही बोलून मिटवतो, त्याला फासा हवाय कशाला? त्याला तो अडचण. शिवाय सोप्याच्या उंबऱ्यावर मला हे सापडलं." त्यानं चिमटीत काहीतरी धरून दाखवलं.

"लेंडी हाय ती," मल्हार म्हणाला. "त्यो रोज सकाळी दूध घालाया येतोय."

"रोज येतो, म्हणजे सराईत आहे."

रानात बिराप्पा बाभळीखाली घोंगड्यावर बसला होता. धैर्यशीलनं भिंग काढायला खिशात हात घातला, भिंग नव्हतं, म्हणून नुसतेच डोळे बारीक केले. "बिराप्पा, काल संध्याकाळी तू कुठं होतास?"

"बसा की आदी," बिराप्पा म्हणाला. "चा घ्या. डोळ्यात काय गेलंय का?"

पुढचा अर्धा तास कोण कुणाची चौकशी करत होतं, हे मल्हारला शेवटपर्यंत कळलं नाही. बिराप्पानं धैर्यशीलच्या आईची गुडघेदुखी विचारली, थंडीत आंगावर काय घेतोस ते विचारलं, जुन्या घोंगड्यांत आणि आताच्या घोंगड्यांत काय फरक हाय ते दाखवलं. उठताना धैर्यशीलच्या खांद्यावर नवं कोरं घोंगडं होतं आणि त्याच्या बदल्यात दिवाळीपर्यंत बिराप्पाचा एक आजारी मेंढा आपल्या परड्यात सांभाळायचं त्यानं कबूल केलं होतं.

"निर्दोष आहे," वाटेत तो म्हणाला.

"कशावरनं?"

"आता कसा संशय घेऊ? मेंढा घरी येणार आहे त्याचा."

दुसरी आरोपी राजनंदिनी मॅडम. हायस्कुलात मराठी शिकवायच्या, शेजारच्याच आळीत राहायच्या. धैर्यशीलचा तर्क असा, की मॅडमना गोष्ट हवी असते आणि फासा मधे येऊन गोष्टीचा चुथडा करतो. त्याच फाशानं त्यांच्या राजकन्येचा भाऊ मारला. म्हणजे हा सुडाचा गुन्हा.

"बोला, राजकन्ये!" त्यानं दारातूनच आरोळी ठोकली. "तुमच्या भावाचा जीव घेणारा फासा कुठं आहे?"

मॅडम तोरण बांधत होत्या. त्या स्टुलावरून सावकाश खाली उतरल्या. त्यांचा चेहराच बदलला. "होय," त्या म्हणाल्या, "मीच. ज्या फाशानं माझ्या पाठच्या भावाला मातीत निजवलं, त्याला मी या हातांनी खोल डोहात सोडलं. आणि सोडताना माझा हात थरथरलासुद्धा नाही!" त्यांच्या गालावरनं खरं पाणी ओघळलं.

"गुन्हा कबूल!" धैर्यशील ओरडला. "कुठला डोह?"

"ते मला काय माहीत?" मॅडमनी डोळे पुसले. "फासा हरवलाय का? अरे देवा! तुम्ही इतकं छान विचारलंत, मला राहवलंच नाही. मागच्या वेळी हे सगळं बोलायचं राहून गेलं होतं हो. सगळे नुसते तलवारीकडंच बघत होते."

परतताना धैर्यशील सावली बघून चालत होता. घोंगड्यानं त्याला घामाच्या धारा लागल्या होत्या, पण बिराप्पाला वाईट वाटेल म्हणून तो ते काढत नव्हता. कोपऱ्यावर त्याचे डोळे एकदम चमकले.

"काका! मागल्या महिन्यात काकांचा फासा लागोपाठ तीनदा एक पडला होता. नियमावर जीव टाकणाऱ्या माणसाला नियमानंच दगा दिला. काकांनी फाशाचं कोर्ट मार्शल केलंय!"

"हे त्येंच्या तोंडावर म्हणणार हायस?"

"मी सत्याला भीत नाही," धैर्यशील म्हणाला. प्रत्यक्षात सुभेदारांपुढं उभा राहिल्यावर त्याची शुद्ध भाषा पार पळाली आणि तो म्हणाला, "काका, म्हंजे, तुमी तर न्हाई ना घेतला?"

सुभेदार त्याच्याकडं बघत राहिले. "सावधान!" ते म्हणाले. दोघंही ताठ झाले. "वस्तू हरवली की काय करायचं? भटकायचं? इलाका वाटून घ्यायचा आणि झडती घ्यायची!" मग त्यांनी खडूनं सोप्यात चौकोन आखले आणि दोघांना गुडघ्यावर रांगायला लावलं. झडतीत एक गंजका छर्रा, काकूची बुगडी आणि रेडिओचं बटण सापडलं. फासा सापडला नाही, पण सुभेदार खुशीत दिसले. बऱ्याच दिवसांत त्यांना कुणावर असा मनासारखा हुकूम सोडायला मिळाला नव्हता.

"मोबाईलवर बी फासा टाकता येतोय म्हणं," मल्हार गुडघे चोळत म्हणाला.

"मोबाईल आत काय करतो ते दिसतंय का तुला? फासा टाकलेला दिसला पायजे."

काकू पुन्हा दारात आली. "मी काय म्हणते, त्यो फासा..."

"काकू, खडू पुसला जाईल!" धैर्यशील ओरडला. काकूनं कपाळावर हात मारला, बुगडी तेवढी उचलून घेतली आणि ती आत गेली.

दुपारची जेवणं उरकली आणि मंडळी डावाला जमली. मॅडम आल्या. बिराप्पा पायताण बाहेर काढून दाराशी बसला. तो सुभेदारांकडं बघत नव्हता, सुभेदार त्याच्याकडं बघत नव्हते. मधल्या जाजमावर फाशाची जागा मोकळी होती. संयोगिता तिकडंच बघत बसली होती.

धैर्यशील उभा राहिला. "सर्वांना इथं जमवण्याचं कारण..."

"तू कुटं जमवलंस? वैनीनं बोलावलंय," मल्हार म्हणाला.

"...कारण गुन्हेगार याच खोलीत आहे. बिराप्पा नाही, मॅडम नाहीत, काका नाहीत. राहिलं कोण? नवे नियम फसतील या भीतीनं जिनं स्वतःच फासा लपवला, ती वहिनी!"

कुणी हसलं नाही. संयोगितेचा चेहरा पडला. "लपवला नाही," ती हळू म्हणाली. "पण फसतील ही भीती होती, ते खरं आहे. या घरात तो फासा कुणाकुणाला खुपत होता, ते मला माहीत आहे. जाऊ द्या. डाव राहू दे. मी बॅग भरते."

ती उठायला लागली. सुभेदारांचा हात अर्धवट वर झाला आणि तसाच राहिला. मल्हारला वाटलं, आता या धैर्यशीलला त्या घोंगड्यात गुंडाळून ओढ्यात नेऊन टाकावं.

तेवढ्यात बिराप्पानं मान वळवून स्वयंपाकघराकडं हाक मारली, "अव्वाऽ! ह्यांचा फासा कुटं बगितलास काय गं?"

"व्हय की!" काकू पुरणाच्या हातानंच बाहेर आली. "घटापुढं हाय. हत्यारात ठिवलाय. सकाळधरनं सांगतीया, कुणी बोलूच देत न्हाई!"

सगळे देवघरात धावले. घटाच्या हिरव्या धानापुढं पाटावर कोयता होता, खुरपी होती, विळा होता, ट्रॅक्टरची किल्ली होती, सुभेदारांचा पलटणीतला पट्टा होता, धैर्यशीलचं भिंग होतं. आणि भिंगाला अगदी टेकून, हळदीनं पिवळा झालेला आणि वरच्या तोंडावर कुंकवाचं बोट ओढलेला फासा होता.

"ही ती मोठी सुपारी व्हय रं?" मल्हारनं विचारलं.

धैर्यशीलनं घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं. ते कुंकू त्यानंच लावलं होतं. वर नमस्कारही केला होता.

"आत्याबाई," संयोगिता म्हणाली, "तुम्हाला तर हा आवडत नव्हता."

"आवडत नव्हताच. फासा म्हणल्यावर भ्या वाटायचं." काकू पदराशी चाळा करत म्हणाली. "पर खंडेनवमीला ज्येच्या त्येच्या हातातलं हत्यार पुजायचं आसतंय. तुजा लॅपटॉप ठिवला आसता, पर पाणी पडंल म्हून भ्याले. आन् खरं सांगू का? ह्ये रिटायर हून आल्यापास्नं घरात हुकमाबिगर शबूद न्हवता. ह्या फाशापायी सासरा-सून रविवारी समोरासमोर बसत्यात, भांडत्यात, हासत्यात. मी आतनं ऐकत आसते की. मंग ह्येची पूजा करू नगं, तर कशाची करू?"

संयोगितेनं वाकून सासूच्या पायाला हात लावला आणि तशीच आत गेली. आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार वाजलं.

सुभेदार फाशाकडं बघत उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "जे झडतीत मिळालं नाही, ते यानं विचारून मिळवलं," ते म्हणाले. "तंटाही मिटवला. नियम म्हणजे नियम. एक तारा बिराप्पाला." आणि मग, जरा कमी आवाजात, "मागल्या येळचं चुकलं गड्या. शब्द दिल्यावर मारायला नको होतं."

"आसू द्या मालक," बिराप्पा म्हणाला. "तवा नियमच तसला हुता."

फासा दसऱ्यापर्यंत उचलायचा नव्हता, म्हणून त्या दुपारचा डाव बिनफाशाचा झाला. संयोगितेनं राक्षसाला पुन्हा जिवंत केलं. बिराप्पानं नवा सौदा मांडला. मॅडमनी भावासाठीचं सगळं राहिलेलं बोलून घेतलं. सुभेदारांना फाशाशिवाय तलवार चालवता येईना, म्हणून ते नाइलाजानं राक्षसाशी बोलायला बसले, आणि बोलता बोलता बर्फातल्या एका चौकीवर रात्ररात्र एकटं उभं राहिल्याची गोष्ट निघाली. ती घरात कुणी कधी ऐकली नव्हती. त्यांना तारा मिळाला तेव्हा त्यांनी तो नको म्हटलं नाही.

धैर्यशील उंबऱ्यावर घोंगडं पांघरून बसला होता. मल्हारला त्याची दया आली. "वैनी, ह्येच्यासाटनं काय नियम हाय का न्हाई?"

संयोगिता हसली. "आता करते. जो छातीठोकपणे चुकीच्या वाटेनं जातो आणि सगळ्यांना बरोबर नेतो, त्याला एक तारा. तो नसता तर मॅडम बोलल्या नसत्या, मामंजींना हुकूम सोडायला मिळाला नसता."

"हे मी पहिल्यापासून ओळखलं होतं," धैर्यशील म्हणाला आणि जाजमावर सरकून बसला.

दुसऱ्या दिवशी घट उठले, सीमोल्लंघन झालं, सोनं वाटून झालं. संयोगितेनं फासा पुसला, पण वरच्या तोंडावरच्या आकड्याच्या खाचेत कुंकू बसलं होतं, ते निघेना. ते खरवडायला धैर्यशीलनं नख लावलं, तशी सुभेदारांनी त्याच्या हातावर चापट मारली. "पूजेचं कुंकू हाय. राहू दे. ते तोंड वर आलं की हुकूम जिनं फासा पूजेला ठेवला तिचा."

मग डाव मांडला आणि पहिली फेक काकूला दिली. खिंडीत राक्षस उभा होता, सुभेदारांची तलवार वर होती, बिराप्पा पुढं सरकला होता, मॅडमनी डोळे मिटले होते. काकूनं देवाचं नाव घेऊन फासा टाकला. तो गडगडत जाऊन थांबला, आणि वर कुंकू आलं.

सगळे काकूकडं बघायला लागले.

"त्यो राक्षस," काकूनं विचारलं, "कवापास्नं हुबा हाय तिथं?"

"दोन महिने झाले, आत्याबाई."

"आगं आय! मंग आदी जेवाय वाढा त्याला. बाकीचं मागनं बगू."

सुभेदारांनी तलवार म्यान केली. "हुकूम," ते म्हणाले, आणि राक्षसासाठी पाट मांडायला उठले.